सातपुड्याच्या नाल्यांतील निळा माशीमार

शेतकऱ्याचा पक्ष्यांशी जो परिचय असतो, तो बहुधा पिकाच्या निमित्ताने झालेला असतो. ज्वारीच्या कणसांवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या व पोपट, नांगरामागून चालणारे बगळे, तारेवर बसून उडते कीटक टिपणारा कोतवाल, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपे टांगणारी सुगरण हे सर्व त्यास नावानिशी ठाऊक असतात. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या काव्यात सुगरणीला जे मानाचे स्थान मिळाले, तेही शेतात वावरता वावरता झालेल्या अशाच परिचयामुळे होय. परंतु जो पक्षी दाणा खात नाही, पिकावर बसत नाही आणि बांध ओलांडून सहसा शेतात येत नाही, त्यास आपल्या बोलीत नावही मिळत नाही. अशा बिननावाच्या पक्ष्यांपैकी एकाची माहिती या लेखात द्यावयाची आहे.

पक्षिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत यास टिकेलचा निळा माशीमार असे म्हणतात. हे नाव लोकांनी दिलेले नाही, हे उघडच आहे. सॅम्युएल टिकेल या नावाचे एक लष्करी अधिकारी एकोणिसाव्या शतकात भारत व ब्रह्मदेश येथे नोकरीस असता पक्ष्यांचे नमुने जमवीत असत. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व त्यास टिकेल यांचे नाव दिले. कृषिविषयक पत्रिकेत रानातल्या पाखराचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याचे उत्तर एवढेच की, या पक्ष्याच्या राहण्याच्या जागेचा एक काठ वनखात्याच्या ताब्यात असला, तरी दुसरा काठ बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याच्या सातबारावर आहे.

ओळखण्याच्या खुणा

आकाराने हा पक्षी चिमणीहून किंचित लहान, सुमारे १४ सेंटिमीटर लांबीचा असतो. नराची पाठ, पंख व शेपटी गडद निळी असून कपाळावर व भुवईच्या जागी तोच निळा रंग अधिक उजळ व चकचकीत दिसतो. गळा व छाती नारिंगी-तांबूस आणि पोट पांढरे असते. नारिंगी व पांढऱ्या रंगांमधील सीमा बरीच स्पष्ट असते. मादी त्याच नमुन्याची, परंतु फिकट असते. तिच्या निळ्या रंगात राखी छटा मिसळलेली असते आणि छातीचा नारिंगी रंगही मंद असतो. घरट्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले तपकिरी व ठिपकेदार असतात. त्यांस पाहून हा निराळाच पक्षी आहे असे पाहणाऱ्यास वाटले, तर नवल नाही.

हिवाळ्यात खानदेशात इतरही माशीमार येतात, त्यामुळे घोटाळा होण्याचा संभव असतो. हिमालयाकडून येणारा नीलांग माशीमार सर्वांगी हिरवट-निळा असून त्याच्या अंगावर नारिंगी रंगाचा लवलेशही नसतो. शिवाय तो झाडाच्या शेंड्याशी उघड्या काटकीवर बसतो. लाल छातीचा माशीमार आमराईत व गावाजवळच्या झाडीतही दिसतो. त्याच्या अंगावर निळा रंग नसतो, आणि काळ्या शेपटीच्या बुडाशी असलेले पांढरे पट्टे तो शेपटी उडवताना सारखे दाखवीत असतो. हे दोघेही पाहुणे होत. आश्विन-कार्तिकात यावयाचे आणि उन्हाळा तापू लागला की परतावयाचे, हा त्यांचा क्रम. आपला निळा माशीमार मात्र येथला कायमचा रहिवासी आहे, व त्याची खरी कसोटी याच गोष्टीत आहे.

स्वर्गीय नर्तक व नाचण या दोन पक्ष्यांचाही पूर्वीच्या ग्रंथांत माशीमारांतच समावेश होत असे. आता शास्त्रज्ञांनी त्यांची कुळे वेगळी मानली आहेत. तिघांची शिकार करण्याची तऱ्हा पुष्कळ मिळतीजुळती असल्याने जुन्या लोकांनी त्यांस एकत्र बसविले, यात आश्चर्य वाटावयास नको.

वैशाखातला निवारा

खानदेशची रचना वाचकांस परिचित आहेच. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मधोमध पश्चिमवाहिनी तापीचे काळ्या मातीचे सपाट खोरे. या सपाट मुलखात निळा माशीमार शोधून उपयोग नाही. तो डोंगराच्या कुशीत व पायथ्याशी, जेथे नाल्याच्या दोन्ही बाजूंस दाट झाडी व खाली झुडपांची गर्दी आहे, अशा ठिकाणी राहतो. रावेर तालुक्यातील पाल, यावल तालुक्यातील मनुदेवी, चोपडे तालुक्यातील उनपदेव यांसारख्या ओलसर जागी आणि दक्षिणेकडे चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या दरीत त्याचा शोध घ्यावा. यावलचे अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले. पाटणादेवीचे रान ज्यात येते ते गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आणि शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य ही दोन्ही १९८६ मधील होत.

सातपुड्याचे जंगल पानझडीचे आहे. साग, अंजन, सालई, धावडा, पळस ही त्यातील मुख्य झाडे. माघ-फाल्गुनात यांपैकी बहुतेक वृक्ष निष्पर्ण होतात व डोंगरउतार उघडे पडतात. पुढे चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडील उष्णतामान ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा वेळी सावली, ओलावा व उडते कीटक या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची जागा एकच उरते, व ती म्हणजे नाला. नाल्याच्या काठी अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर हे वृक्ष उन्हाळ्यातही हिरवे असतात, कारण त्यांची मुळे भूगर्भातील ओलीपर्यंत पोहोचलेली असतात. त्यांच्या खाली निरगुडी, धायटी, मुरडशेंग व बांबूची बेटे असतात. डोहात थोडेसे पाणी, नाही तर निदान ओली वाळू असते, आणि त्यावर चिलटे व डास घोंघावत असतात. पावसाळ्यात हा पक्षी जंगलात थोडा दूरवर पांगू शकतो. परंतु एखाद्या टापूत वर्षानुवर्षे किती जोड्या टिकाव धरतील, हे बव्हंशी वैशाखातील सावलीच्या लांबी-रुंदीवर अवलंबून राहते, असे माझे मत आहे. शंभर एकर साग उभा असला, पण त्यातून जाणारा नाला बोडका असला, तर तेथे या पक्ष्याची अपेक्षा करू नये.

शिकारीची पद्धत

माशीमाराची चोच बुडाशी रुंद व वरून चपटी असते आणि तोंडाच्या दोन्ही कडांना ताठ केस असतात. उडता कीटक टिपण्यास ही रचना सोयीची असते. जमिनीपासून फार उंच नसलेल्या एखाद्या सावलीतल्या फांदीवर तो ताठ बसून राहतो. कीटक दृष्टीस पडताच झेप घेऊन त्यास हवेतल्या हवेत पकडतो आणि पुन्हा त्याच अथवा जवळच्या फांदीवर येऊन बसतो. पानांवर व जमिनीवर सरपटणारे कीटकही तो उचलतो. विणीच्या काळात क्वचित एखादा लहानसा पृष्ठवंशीय प्राणी पकडल्याचेही पाहण्यात आले आहे. इतर पक्षी रात्रीच्या आश्रयाला गेल्यावर, दिवेलागणीच्या अंधुक उजेडातही त्याचे काम चालू असते. नाल्यावर डासांचे थवे उठतात तीच ही वेळ होय.

हवेतील कीटकांवर जगणारे पक्षी एकमेकांच्या वाट्यास फारसे जात नाहीत, ही गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पाकोळ्या उंच आकाशात, वेडा राघू उघड्या माळावरील तारेवर, कोतवाल शेतात व गुरांच्या पाठीवर आणि निळा माशीमार झाडीच्या आतल्या अंधारात. जणू चार भावांनी वाटणीपत्र करून घेतले आहे.

आता शेतीच्या दृष्टीने या पक्ष्याचा लाभ किती, याविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिले पाहिजेत. पक्ष्यांच्या आहाराचा शेतीच्या अंगाने अभ्यास आपल्याकडे नवा नाही. बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी पक्ष्यांच्या जठरांतील अन्न तपासून केलेले विवेचन १९१२ सालीच प्रसिद्ध झाले. त्या पद्धतीने विचार केला असता निळ्या माशीमारास शेतकऱ्याचा शत्रू म्हणता येत नाही. परंतु तो कपाशीचा राखणदार आहे असेही म्हणता येणार नाही. तो कपाशीत उतरत नाही. गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री उडतो, आणि त्या वेळी हा पक्षी झोपलेला असतो. यास्तव माशीमार वाचवा म्हणजे फवारणीचा खर्च वाचेल, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. बोंडअळीकरिता कामगंध सापळे, फरदड न घेणे आणि पऱ्हाट्यांची वेळेवर विल्हेवाट हे उपाय आहेत. ते पाखरावर सोपवून चालणार नाही. बांधावर कोतवालासाठी पक्षिथांबे उभारणे ही निराळी गोष्ट आहे, ती जरूर करावी.

मग या पक्ष्याचे मोल कशात? माझ्या मते ते असे की, नाला जिवंत आहे किंवा नाही, हे तो सांगतो. विहिरीची पातळी मोजावयास दोर व फूटपट्टी लागते. नाल्याकाठची झाडी, तिच्याखालची ओल, पाण्यातील किडे व त्यांपासून निघणारी पंखवाली चिलटे या सर्वांची गोळाबेरीज मात्र एका निळ्या पाखराच्या असण्यात आपोआप झालेली असते.

वीण व शेतीची कामे

विणीचा हंगाम सामान्यतः चैत्रापासून श्रावणापर्यंत, म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट असा असतो. या दिवसांत नर सावलीत बसून एक लहानसे, धातूच्या तारेवर टिचकी मारावी तशा स्वरांचे गाणे पुनःपुन्हा म्हणतो. गाण्यात सुरांची संख्या थोडीच, परंतु चिकाटी मोठी. रंगाने इतका देखणा असूनही हा पक्षी झाडीच्या सावलीत चटकन दिसत नाही. आधी ऐकू येतो व मग पुष्कळ शोधल्यावर सापडतो. धोका वाटल्यास तो टिक्-टिक् असा कोरडा आवाज काढतो.

घरटे म्हणजे बारीक मुळ्या व गवताचे तंतू यांची एक नीटस वाटी. ती झाडाच्या ढोलीत, कुजक्या खुंटाच्या पोकळीत, खडकाच्या कपारीत अथवा नाल्याच्या दरडीतील भोकात बसविलेली असते. अंडी तीन ते पाच. त्यांचा मूळ रंग मातकट असून त्यावर इतके बारीक ठिपके असतात की, दुरून सारे अंडे सरसकट तपकिरी दिसावे. पिल्लांना चारा घालण्याचे काम नर व मादी दोघेही करतात. घरटे जमिनीपासून फार उंच नसल्याने साप व मुंगूस यांपासून त्यास नेहमीच भय असते.

आता आपल्या कामांचे वेळापत्रक यापुढे मांडून पाहावे. पेरणीपूर्वीची साफसफाई, बांध जाळणे, सरपणासाठी वाळके खुंट उपटणे, नाल्यातील गाळ काढणे व झुडपे तोडणे ही सर्व कामे आपण अक्षय्यतृतीयेच्या (आपल्याकडील आखाजीच्या) आगेमागे, मृगापूर्वी उरकतो. म्हणजे ज्या दोन महिन्यांत दरडीतील भोकात अंडी असतात, नेमके त्याच दोन महिन्यांत दरड तासली जाते. यात कोणाची दुष्ट बुद्धी नाही. शेतकऱ्याला त्या वेळी सवड असते आणि नाला कोरडा असतो, म्हणून तसे घडते. डोंगराकडील भागात मोहफुले वेचण्यास जमीन स्वच्छ असावी म्हणून झाडांखालचा पालापाचोळा पेटविण्याचीही चाल आहे. गोरगरीब पावरा, भिल्ल व तडवी कुटुंबांच्या मिळकतीचा तो भाग असल्याने त्यांस दोष देणे शहाणपणाचे नाही. तथापि झाडाभोवतालचा पाला झाडून एका ठिकाणी केला, तरी तेच काम होते व वणवा नाल्यात उतरत नाही.

नाल्यांवर आलेले संकट

यावल, रावेर व चोपडे या तालुक्यांतील केळीने खानदेशचे नाव सर्वत्र केले. ही केळी सातपुड्याच्या पायथ्याशी साचलेल्या दगडगोट्यांच्या व गाळाच्या थरांतील पाण्यावर उभी आहे. डोंगरातून उतरणाऱ्या सुकी, मोर, गूळ, अनेर यांसारख्या नद्या व असंख्य नाले याच पट्ट्यात मुरतात व भूजल भरतात. परंतु यावल व रावेर भागात कित्येक वर्षे मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा अधिक होत आला आहे. विंधनविहिरी खोल जात चालल्या, हे शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. त्याचा दुसरा परिणाम मात्र सहसा बोलला जात नाही. पातळी खाली गेली की नाल्याकाठचे जांभूळ व अर्जुन उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळू लागतात. पंप आणखी खोल सोडता येतो. झाडाचे मूळ तितक्या लवकर खोल जात नाही. ज्या वैशाखी सावलीचा उल्लेख वर केला, ती अशा रीतीने कुऱ्हाड न लावताच नाहीशी होते.

दुसरी गोष्ट खोलीकरणाची. राज्यात २०१४-१५ पासून जलयुक्त शिवार अभियानाखाली नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण मोठ्या प्रमाणावर झाले आणि अनेक गावांस त्याचा लाभ मिळाला. काम यंत्राने होते, आणि यंत्राला दोन्ही काठ मोकळे हवे असतात. त्यामुळे पुष्कळदा पात्रातील गाळासोबत काठावरची करंज-निरगुडीही निघून जाते. हे टाळता येण्यासारखे आहे. यंत्र एकाच काठाने चालवावे व समोरचा काठ जसाच्या तसा राखावा. यात केवळ पाखराची दया नाही. उघडी पडलेली दरड पहिल्याच मोठ्या पुरात ढासळते आणि खर्चून काढलेला गाळ पुन्हा पात्रात येतो. मुळांनी बांधलेली दरड टिकते. ज्या गावात दोन्ही प्रकारचे काठ असतील, तेथील शेतकऱ्यांनी पावसाळ्यानंतर स्वतः जाऊन तुलना करावी.

टणटणीविषयी मतभेद आहेत. या परदेशी झुडपाच्या जाळीत निळा माशीमार वावरतो, हे खरे. त्यावरून ती ठेवावी असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल, कारण तिच्याखाली देशी झाडांची रोपे वर येत नाहीत. ती काढावी, परंतु टप्प्याटप्प्याने. आणि मोकळ्या झालेल्या जागी निरगुडी व करंज लावून मगच पुढचा पट्टा हाती घ्यावा.

कीटकनाशकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. डी.डी.टी.च्या दुष्परिणामांकडे रेचेल कार्सन या विदुषीने १९६२ मध्ये जगाचे लक्ष वेधले. आपल्या देशात तिचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला. आज वापरात असलेली औषधे निराळी आहेत, पण एक जुनी सवय मात्र तशीच आहे, ती म्हणजे फवारणी आटोपल्यावर पंप व डबे नाल्याच्या डोहात धुणे. पंपात उरलेले थोडेसे औषधही उन्हाळ्यातल्या लहानशा डोहास पुष्कळ होते. त्यात वाढणारे कीटकांचे जीव मरतात, आणि ज्यांच्यावर माशीमाराने पिल्ले पोसावयाची, ती चिलटे त्या आठवड्यात पाण्यातून वर येतच नाहीत. शिवाय त्याच डोहावर आपली गुरे पाणी पितात. पंप शेतातच, विहीर व नाल्यापासून दूर, पडीक जागेत धुवावा.

हा पक्षी जगाच्या संकटग्रस्त यादीत नाही. भारत, श्रीलंका व ब्रह्मदेश येथे तो बऱ्याच विस्तृत प्रदेशात आढळतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्रही त्यास आहे. म्हणून तो येथूनही जाणार नाही, असे मात्र नाही. आपल्याच डोंगरातील वनपिंगळ्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन हे खानदेशात असता त्यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी तयार केली व ती १८८० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाली. त्यांनी येथून मिळविलेले वनपिंगळ्याचे नमुने संग्रहालयांत पोहोचले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची विश्वसनीय नोंद थांबली. पुढे एका संग्राहकाने तो १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे खोटेच लिहून ठेवले, त्यामुळे शोधणारेही भलत्या दिशेस गेले. अखेरीस नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन व त्यांचे सहकारी बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. शहादे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. एकशे तेरा वर्षे तो पक्षी याच मुलखात होता, आणि शेजारच्या शेतांत आपले वाडवडील पेरणी करीत होते.

ज्यांची शेते नाल्यास लागून आहेत, त्यांस निळ्या माशीमारासाठी जमीन सोडावी लागत नाही. वहितीत न येणारी दरड व तिच्यावरची झाडी ठेवावी. रिकाम्या काठावर करंज लावावा. त्याचा पाला गुरे फारशी खात नाहीत, म्हणून राखण कमी लागते, व बियांना तेलासाठी गिऱ्हाईक असते. एखादा कुजका खुंट सरपणात न घालता उभा राहू द्यावा. झुडपांची छाटणी करणे अवश्यच असेल, तर ती वैशाखात न करता दसऱ्यानंतर करावी. तोवर त्या वर्षाची पिल्ले उडून गेलेली असतात, शेतात मजूर असतात, आणि छाटलेला पाला केळीच्या ओळींत आच्छादन म्हणून टाकता येतो.